ट्रॅमाडॉलची गोळी सोडताना होणारा त्रास आणि त्यातून सुखरूप बाहेर पडण्याची पद्धत

गुडघ्याची शस्त्रक्रिया, मणक्यातली सरकलेली चकती, अपघातात मोडलेली मांडी, अशा एखाद्या कारणाने रुग्णालयातून घरी येताना चिठ्ठीवर ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक लिहिलेले असते. तीन-चार महिन्यांनी टाके सुकलेले असतात, काठीशिवाय चालणे जमू लागलेले असते, पण गोळी मात्र चालूच राहिलेली असते. मग एके दिवशी पाकीट संपते, दुकानदार नवी चिठ्ठी मागतो, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपासून अंग मोडून येते, नाक वाहू लागते, जांभया थांबत नाहीत, अंगावर काटा उभा राहतो आणि अंथरुणात पाय जागच्या जागी ठरत नाहीत. घरच्यांना वाटते की ताप येणार आहे. रुग्णाला वाटते की जुने दुखणे पुन्हा उलटले. नात्यातल्या कोणाकडून तरी एक गोळी मिळते, ती घेतल्यावर तास-दीड तासात सगळे शमते, आणि ‘ही गोळी मला लागतेच’ हा समज मनात पक्का बसतो. पुढील मजकूर अशा रुग्णासाठी आणि त्याच्याबरोबर रात्री जागणाऱ्या माणसांसाठी लिहिला आहे.

सर्वप्रथम आपल्याकडे असलेली गोळी नेमकी कोणती आहे, हे पाकिटाच्या मागे लिहिलेले औषधाचे मूळ नाव वाचून खात्रीने समजून घ्यावे. डायक्लोफिनॅक, एसिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन किंवा नुसते पॅरासिटामॉल असेल, तर वर वर्णन केलेला त्रास त्या गोळ्या थांबवल्यामुळे होत नाही. त्या गोळ्या फार काळ घेतल्याने पोट, मूत्रपिंड किंवा यकृत बिघडू शकते, पण तो प्रश्न वेगळा आहे. (महिन्यातले पंधरा किंवा अधिक दिवस डोकेदुखीवर गोळ्या घेणाऱ्यांना त्या गोळ्यांमुळेच डोकेदुखी जडते आणि त्या बंद केल्यावर काही दिवस ती वाढते, हा एक अपवाद लक्षात ठेवावा.) ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल, कोडीन, मॉर्फीन ही मात्र अफूच्या वर्गातली औषधे आहेत. ट्रॅमाडॉल अनेकदा एकटे नसते, ३७.५ मिलिग्रॅम ट्रॅमाडॉल आणि ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल अशी जोडगोळी आपल्याकडे सर्रास दिली जाते, आणि ती घेणाऱ्या कित्येकांना आपण अफूवर्गीय औषध घेत आहोत याची कल्पनाही नसते. पाठीच्या दुखण्यात हिच्या जोडीला प्रीगॅबॅलिन किंवा गॅबापेंटिन हे नसांच्या वेदनेवरचे औषधही दिलेले असते. तेही अचानक थांबवण्यासारखे औषध नाही, म्हणून दोन्ही एकाच वेळी बंद करण्याचा विचार मनात आणू नये.

गोळी सुटल्यावर होणाऱ्या या त्रासाला विथड्रॉवल म्हणतात; गर्दच्या (ब्राउन शुगरच्या) विळख्यात सापडलेली मुले त्यालाच ‘टर्की’ म्हणत. शब्द एकच असला तरी चिठ्ठीनुसार गोळी घेणाऱ्या रुग्णाने स्वतःला व्यसनी ठरवण्याचे कारण नाही. अफूवर्गीय औषध रोज मिळत राहिले की मेंदू त्याच्याशी जुळवून घेतो. हे औषध मेंदूच्या तळाशी असलेल्या, शरीराला सावध आणि जागे ठेवणाऱ्या केंद्राला शांत करते. ते शांत राहिले म्हणून शरीर त्या केंद्राची ताकद हळूहळू वाढवत नेते. औषध एकाएकी काढून घेतले की वाढलेली ती सगळी ताकद एकदम मोकळी सुटते, आणि घाम, धडधड, थरथर, जुलाब, निद्रानाश हे सर्व त्यातूनच उद्भवते. ही शरीराची सवय आहे. नुकसान होत असूनही गोळीच्या मागे धावणे, ती मिळवण्यासाठी खोटे बोलणे, मात्रा स्वतःच वाढवत जाणे, हे व्यसनाचे लक्षण. आणि ते असले तरीही तो उपचाराचाच विषय आहे, शिक्षेचा नव्हे.

ट्रॅमाडॉलची आणखी एक खोड आहे. ते अफूसारखे काम करते आणि त्याच वेळी नैराश्यावरच्या काही औषधांप्रमाणे मेंदूतल्या सेरोटोनिन आणि नॉरअ‍ॅड्रेनलिन या द्रव्यांवरही परिणाम करते. त्यामुळे ते सुटताना काही रुग्णांना नेहमीच्या त्रासाबरोबर अनपेक्षित अनुभव येतात: भीतीचा तीव्र झटका, हातापायांना मुंग्या, डोक्यातून विजेची लहर गेल्यासारखे वाटणे, गोंधळ, क्वचित नसलेले आवाज ऐकू येणे. ज्यांना हे माहीत नसते त्यांना आपले डोके फिरत चालले आहे असे वाटते आणि ते घाबरून कोणाला सांगत नाहीत. अशा वेळी न लपवता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.

साध्या कॅप्सूलचा त्रास शेवटच्या मात्रेनंतर साधारण बारा ते चोवीस तासांत सुरू होतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टोकाला जातो आणि आठ-दहा दिवसांत बहुतांश ओसरतो. हळूहळू सुटणाऱ्या, म्हणजे पाकिटावर ‘एसआर’ लिहिलेल्या गोळीचा त्रास थोडा उशिरा सुरू होतो. झोप आणि मनःस्थिती पूर्ववत होण्यास मात्र काही आठवडे लागू शकतात.

गोळी कमी कशी करावी

एका झटक्यात गोळी बंद करणे हा मनोनिग्रहाचा पुरावा मानला जातो, आणि माझ्या मते या संपूर्ण विषयातला हा सर्वांत घातक समज आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एप्रिल २०१९ मध्ये अफूवर्गीय वेदनाशामके अचानक बंद केल्याने अनावर वेदना, मानसिक यातना आणि आत्महत्येपर्यंतचे परिणाम दिसल्याचा स्पष्ट इशारा दिला होता. त्याच देशाच्या रोगनियंत्रण केंद्राची २०२२ सालची मार्गदर्शक सूचना अशी आहे की वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ औषध घेतलेल्यांनी महिन्याला सुमारे दहा टक्के इतक्याच, किंवा त्याहूनही संथ गतीने मात्रा कमी करावी, आणि काही आठवडे किंवा महिने घेतलेल्यांनी आठवड्याला सुमारे दहा टक्के. शस्त्रक्रियेनंतर चार-सहा दिवसच गोळी घेतली असेल तर एवढ्या सोपस्काराची सहसा गरज पडत नाही.

दहा टक्के हे वाचायला सोपे आहे, पण आपल्याकडच्या पाकिटांशी त्याचा मेळ बसवताना अडचण येते. समजा एखादा रुग्ण आठ महिने दिवसाला ५० मिलिग्रॅमच्या चार कॅप्सूल, म्हणजे २०० मिलिग्रॅम घेत आहे. एक कॅप्सूल कमी केली की थेट पंचवीस टक्के कपात होते, आणि बहुतेकांचा पहिला प्रयत्न नेमका इथेच फसतो. यावर एक मार्ग असा आहे की चारपैकी एका कॅप्सूलच्या जागी ३७.५ मिलिग्रॅमची जोडगोळी घ्यावी. त्यामुळे दिवसाची मात्रा २०० वरून १८७.५ वर येते, कपात सहा टक्क्यांच्या आसपास राहते आणि शरीराला ती फारशी जाणवत नाही. एक-दोन आठवडे तिथेच थांबून दुसरी कॅप्सूल बदलावी, मग तिसरी, मग चौथी. अशा रीतीने १५० वर आल्यानंतर अर्धी-अर्धी जोडगोळी कमी करत जावे: १३१.२५, मग ११२.५, आणि तसेच पुढे. अर्धी करता येते ती साधीच गोळी. ‘एसआर’ गोळी कधीही मोडू किंवा कुटू नये, कारण दिवसभर पुरणारी मात्रा एकदम रक्तात उतरते. जोडगोळीतल्या पॅरासिटामॉलचा हिशेबही ठेवावा लागतो. चार गोळ्यांचे १३०० मिलिग्रॅम होतात. त्यावर सर्दी-तापाच्या आणखी गोळ्या घेतल्या की आकडा पाहता पाहता वाढतो, आणि दिवसाला ४००० मिलिग्रॅमच्या पुढे यकृताला गंभीर इजा होऊ शकते. मद्य घेणाऱ्याची किंवा यकृत आधीच दुबळे असलेल्याची मर्यादा याहून बरीच कमी असते.

हे वेळापत्रक उदाहरण म्हणून दिले आहे. स्वतःचे वेळापत्रक ज्यांनी गोळी लिहून दिली त्या डॉक्टरांबरोबर बसून, कागदावर तारखांसह ठरवून घ्यावे, आणि प्रत्येक टप्प्याला पुरतील एवढ्या गोळ्यांची चिठ्ठी आधीच मागून घ्यावी. शेवटचे टप्पे सर्वांत अवघड जातात, याची कल्पना असू द्यावी. २०० मधून १२.५ काढणे आणि ३७.५ मधून १८.७५ काढणे यांत आकडा जवळपास सारखा दिसला, तरी दुसऱ्या वेळी शरीर निम्म्या औषधाला मुकते. म्हणून उतरण संपत आली की पावले मंद करावीत, एकेका टप्प्यावर दुप्पट दिवस काढावेत, आणि अगदी लहान मात्रेवर आल्यानंतरच दोन मात्रांमधले अंतर वाढवत न्यावे. सुरुवातीलाच ‘एक दिवसाआड घेतो’ असे ठरवणारा रुग्ण दर दुसऱ्या दिवशी नवा विथड्रॉवल भोगतो, कारण ट्रॅमाडॉलचा रक्तातला जोर साधारण सहा तासांत निम्म्यावर येतो. एखादा टप्पा असह्य झाला तर तिथेच आणखी काही दिवस थांबावे. तो पराभव नाही. मात्र पुन्हा वरच्या पायरीवर चढण्याआधी डॉक्टरांशी बोलावे.

काही रुग्णांनी ही उतरण घरी सुरूच करू नये. गरोदर स्त्रिया, कारण अचानक विथड्रॉवल आल्यास गर्भाला धोका असतो, पूर्वी फिट (अपस्मारासारखा झटका) आलेले रुग्ण, हृदयविकाराचे रुग्ण, अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या गोळ्या किंवा मद्य रोज घेणारे, आणि ठरलेल्या मर्यादेपलीकडे, म्हणजे दिवसाला ४०० मिलिग्रॅमहून अधिक ट्रॅमाडॉल घेणारे, या सर्वांनी आधी डॉक्टरांच्या देखरेखीची सोय करावी. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांसाठी ही मर्यादा ३०० आहे. कर्करोगाच्या वेदनेसाठी औषध चालू असलेल्या रुग्णाने तर सोडण्याच्या दडपणाखाली येऊच नये. त्याचा प्रश्न वेदना काबूत ठेवण्याचा आहे.

दुखणे परतले की विथड्रॉवल आहे?

गोळी सोडण्याचे बहुतेक प्रयत्न या एका प्रश्नाचे चुकीचे उत्तर दिल्यामुळे मोडतात. मूळ दुखणे ठरावीक जागी असते आणि हालचालीशी बांधलेले असते: जिना उतरताना गुडघा, वाकताना कंबर. विथड्रॉवलचे दुखणे अंगभर पसरते, पोटऱ्या आणि पाठ ओढून येतात, त्याच्यासोबत जांभया, वाहते नाक, डोळ्यांत पाणी, पोटात मुरडा आणि अस्वस्थता येते, आणि ते गोळीच्या वेळेशी बांधलेले असते. मात्रा कमी केल्यापासून दोन-तीन दिवसांत वाढून आठवड्याभरात उतरू लागले, तर ते विथड्रॉवल समजावे. शिवाय दीर्घकाळ अफूवर्गीय औषध घेतल्याने काही रुग्णांची वेदनेची संवेदनाच तीव्र झालेली असते, आणि अशांचे दुखणे गोळी सुटल्यानंतर कमी झाल्याचेही दिसते.

हा फरक आठवणीच्या भरवशावर ओळखता येत नाही. एक साधी वही करावी आणि रोज सकाळी व रात्री चार गोष्टी लिहाव्यात: किती वाजता किती गोळी घेतली, दुखणे शून्य ते दहामध्ये किती, ते कुठे आहे, आणि किती तास झोप लागली. पुढच्या भेटीत ही वही पाहिली की डॉक्टरांना कपातीची गती ठरवणे सोपे जाते. मूळ दुखणे खरोखरच शिल्लक असेल, तर त्यावर फिजिओथेरपी, शेक, ठरवून केलेले चालणे आणि दुसऱ्या वर्गातली औषधे यांची तयारी उतरण सुरू करण्यापूर्वी झालेली असावी. मात्र ड्युलोक्सेटिन, एमिट्रिप्टिलिन किंवा नैराश्यावरचे कोणतेही औषध ट्रॅमाडॉलबरोबर परस्पर सुरू करू नये; सेरोटोनिन अति वाढून ताप, थरथर, स्नायूंचा ताठरपणा आणि भ्रम अशी गंभीर अवस्था येऊ शकते. डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेल्या खोकल्याच्या औषधालाही हाच धोका लागू आहे.

अवघड दिवस आणि रात्री

मात्रा सावकाश कमी केली तरी काही दिवस जड जातात. उलटी किंवा जुलाब असतील तर पाण्याची तूट भरून काढणे सर्वांत महत्त्वाचे. ओआरएसचे एक लिटरचे पाकीट एक लिटर पाण्यातच विरघळवावे; ते नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे; चमचा चहाचा घ्यावा. पेला एकदम न पिता दर पाच मिनिटांनी दोन घोट घेतले तर उलटीतही बरेचसे पोटात टिकते. हृदय किंवा मूत्रपिंडाचे दुखणे असलेल्यांनी पाण्या-मिठाचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे. तांदळाची पेज, मऊ मुगाची खिचडी, पातळ ताक, नाचणीची आंबील, केळे, एवढ्यावर दोन-तीन दिवस सहज निघतात.

रात्र मोठी असते. पाय अंथरुणात टिकत नाहीत, त्यांना आतून कोणी ओढत असल्यासारखे वाटते. झोपण्यापूर्वी कोमट पाण्याने अंघोळ, पोटऱ्यांना तेल लावून चोळणे, भिंतीला तळहात टेकून एकेक पोटरी अर्धा-अर्धा मिनिट ताणणे, यांनी आराम पडतो. इतके करूनही राहवत नसेल तर अंथरुणात तळमळत पडू नये. उठून घरातल्या घरात दहा मिनिटे चालावे आणि परत यावे. शरीरात लोहाची कमतरता असेल तर पायांची ही तडफड वाढते, त्यामुळे पंडुरोगाचा इतिहास असलेल्या स्त्रियांनी रक्त तपासून घेणे योग्य ठरेल. दुपारनंतर चहा-कॉफी टाळावी आणि झोप लागली नाही तरी सकाळी ठरलेल्या वेळी उठावे. झोपेसाठी घरातल्या दुसऱ्या कोणाची तरी गोळी मागून घेणे आणि ‘थोडीशी’ दारू घेणे, या दोन्ही गोष्टी अफूवर्गीय औषधाबरोबर श्वास मंदावून जीव घेऊ शकतात.

डॉक्टरांकडे यावर औषधे आहेत, आणि ती मागण्यात कमीपणा नाही. क्लोनिडीन घाम, धडधड आणि थरथर बरीच कमी करते. मात्र ते रक्तदाब उतरवते, म्हणून उठताना आधी पलंगाच्या काठावर बसावे. जुलाबावरचे लोपेरामाइड लिहून दिलेल्या मात्रेतच घ्यावे, कारण अति घेतल्यास हृदयाचे ठोके बिघडतात. अवलंबित्व मोठे असेल तर जिभेखाली ठेवण्याची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी व्यसनमुक्ती केंद्रांत देखरेखीखाली दिली जाते. तिची पहिली मात्रा विथड्रॉवल सुरू झाल्यानंतरच द्यायची असते, अन्यथा त्रास एकदम उसळतो. अफूवर्गीय औषधाचा परिणाम अडवणाऱ्या नालट्रेक्सोनच्या बाबतीत तर सात ते दहा दिवस अफूवर्गीय औषध पूर्ण बंद असल्याशिवाय एकही गोळी घेऊ नये. ‘नशामुक्ती’च्या नावाने निनावी चूर्णे आणि गोळ्या विकल्या जातात, त्यांत काय आहे हे कळण्याची सोय नसते. कामिनी विद्रावण रसासारख्या पारंपरिक औषधात अफूच असते, त्यामुळे वनौषधी म्हणून ते घेणारा रुग्ण प्रत्यक्षात एक अफू सोडून दुसरी धरतो.

घरच्यांनी गोळ्या सांभाळायच्या असतील तर ते रुग्णाच्या संमतीने करावे: आठवड्याच्या डबीत दिवसागणिक मात्रा भरून ठेवावी आणि उरलेले पाकीट दुसऱ्याकडे असावे. गोळी मागितल्यावर ‘तुला सवय लागली आहे’ असे सुनावण्याऐवजी वही काढून ‘अजून चार तास आहेत, तोवर पाय चोळून देते’ एवढे म्हटले तरी तो वेळ निघतो. या दिवसांत चिडचीड, रडू आणि निराशा येते. मरणाचे बोलणे निघाले तर ते त्रासातले बोलणे म्हणून सोडून देऊ नये, रुग्णाला एकटे ठेवू नये आणि तत्काळ मदत घ्यावी. फिट येणे, छातीत दुखणे, भ्रम, पाणीही न टिकणारी उलटी, आठ तास लघवी न होणे, यांपैकी काहीही झाल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

मदत कुठे मिळते

आधी गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांकडेच जावे. तिथे वेळ मिळाला नाही तर शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातील मनोविकृती विभागात बाह्यरुग्ण म्हणून जाता येते. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. गोव्यात बांबोळीला मानसोपचार संस्था आहे. पुण्यात १९८६ पासून चालू असलेले मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र मराठी वाचकांना परिचित आहेच. केंद्र सरकारचा व्यसनमुक्तीसाठीचा १४४४६ हा क्रमांक आणि मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानस सेवा, क्रमांक १४४१६, दोन्ही विनामूल्य आहेत.

पुष्कळ लोक कायद्याच्या भीतीने बोलत नाहीत. एप्रिल २०१८ मध्ये ट्रॅमाडॉलचा समावेश अमली पदार्थांविषयीच्या एनडीपीएस कायद्यात झाला, तेव्हापासून दुकानदार चिठ्ठीबाबत कडक झाले, आणि त्याचा एक दुष्परिणाम म्हणून महिनोन्‌महिने गोळी घेणारे रुग्ण एका दिवसात कोरडे पडू लागले. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर घेतलेल्या औषधासाठी रुग्ण गुन्हेगार ठरत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचाराची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्कही दिलेला आहे. एकटेपणाची भावना असेल तर हेही ठाऊक असावे की २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात देशात अफूवर्गीय पदार्थ वापरणाऱ्यांची संख्या सुमारे २.२६ कोटी आढळली, आणि त्यांतला मोठा भाग औषधी गोळ्या वापरणाऱ्यांचा होता.

गोळी सुटल्यानंतर

शेवटची मात्रा घेऊन काही आठवडे उलटले की शरीराची जुनी सहनशक्ती नाहीशी झालेली असते. पूर्वी दिवसाला सहा गोळ्या पचवणाऱ्याने पुन्हा एखाद्या वाईट रात्री तेवढ्याच घेतल्या, तर श्वास थांबू शकतो. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होणे, श्वास फार संथ होणे, ओठ निळे पडणे आणि हलवूनही जाग न येणे ही अतिमात्रेची चिन्हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असावीत. अशा वेळी रुग्णाला कुशीवर वळवून ताबडतोब रुग्णालय गाठावे. तिथे अफूवर्गीय औषधाचा परिणाम उलटवणारे नॅलोक्सोनचे इंजेक्शन दिले जाते, पण ट्रॅमाडॉलच्या अतिमात्रेत फिट येण्याचाही धोका असल्याने पुढची देखरेख आवश्यक असते.

म्हणूनच उरलेल्या गोळ्या ‘लागतील कधीतरी’ म्हणून कपाटात ठेवू नयेत. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने २०२५ मध्ये शौचालयात टाकून पाण्याबरोबर सोडून द्यावीत अशा औषधांची यादी दिली, तीत ट्रॅमाडॉल आणि टॅपेंटाडॉल दोन्ही आहेत. शेवटी, वहीचे पहिले पान, म्हणजे कोणती गोळी, किती महिने, किती मात्रेत घेतली आणि कधी सुटली याची नोंद, वैद्यकीय कागदपत्रांच्या फायलीत लावून ठेवावी. पुढे कधी दुसरी शस्त्रक्रिया ठरली तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना ती आधी दाखवावी, म्हणजे वेदनाशमनाची योजना आणि गोळी बंद करण्याची तारीख, दोन्ही घरी सोडण्याच्या दिवशीच ठरवता येतील.